घळीत अडकलेली गादी

आमच्या एकुलत्या एका लेकीचे एकुलते एक यजमान, आणि त्यामुळे कुणाशीही स्पर्धा न करता कायम पहिल्या नंबरावर असलेले आमचे जावईबापू, यांना त्यांच्या गादीवाल्या सासऱ्याचे घट्ट भरलेले आशीर्वाद. (आमच्या धंद्यात सैल भरलेलं काही देत नाहीत.)

तुमची कंबर कशी आहे? पाणीखात्यातली ती हात मोडलेली खुर्ची बदलून मिळाली, की अर्ज अजून टेबलाटेबलावर फिरतोय? (मी पाठवलेली चौकोनी उशी त्या खुर्चीवर ठेवा. ती मुळात डोक्याची उशी आहे, पण तिला सांगितलं नाही तर तिला कळायचं नाही.) आमच्या चिमीचं जेवणखाण वेळेवर होतं ना? बाळराजांचा पोटदुखीचा कार्यक्रम आटोपला का? लग्नात दिलेली गादी अधूनमधून उलटीपालटी करता ना? कापसाला एका कुशीवर फार दिवस ठेवू नये, त्याच्या गाठी होतात. आणि हो, तुमच्या सासूबाई बऱ्या आहेत ना? हा प्रश्न सगळ्यांत शेवटी आला, यातून काही अर्थ काढू नये. पत्र म्हटलं की कुणीतरी शेवटी येणारच.

इकडे सर्व ठीक. म्हणजे दुकान ठीक, वरचं घर ठीक, गॅलरीतली कुंडी वाळली, पण तीही मुकाट्याने वाळली, तक्रार नाही. फक्त मला झोप येत नाही. (हे वाक्य लिहून मी उठलो आणि दुकानाचं शटर नीट ओढलंय ना ते पाहून आलो. माझ्या धंद्यात हे वाक्य बाहेर फुटलं तर ते शटर पुन्हा वर करायची गरज राहणार नाही.) तुमच्या सासूबाई बाळंतपणाला म्हणून तुमच्याकडे आल्या त्या रात्रीपासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. झोप कधीतरी उडायचीच होती, तिला नेमकी तीच रात्र सापडली. मी डाव्या कुशीवर पाहिलं, उजव्या कुशीवर पाहिलं, पायाकडे डोकं केलं, उशी काढली, दोन उश्या घेतल्या, शेवटी खाली दुकानात उतरून एकेका गादीवर आडवा होऊन आलो. सगळ्या गाद्या उत्तम आहेत एवढं समाधान मिळालं. मग एके दिवशी एक नवं जोडपं दुकानात आलं. मुलाने गादी दाबली, पसंत केली, खिशात हात घातला. मुलगी मात्र गादी सोडून माझ्याकडेच बघत होती, माझ्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे. आणि तिने अगदी काळजीने विचारलं, काका, तुम्ही स्वतः यातल्याच गादीवर झोपता का हो? मी हो म्हणालो. माणसाने खोटं बोलायला शिकायला हवं होतं. ती दोघं समोरच्या फोमवाल्याकडे गेली.

तेव्हा माझ्या मित्रांनी मला ताब्यात घेतलं. हे तिघे तुम्ही लग्नात पाहिलेत. एक दातांचे डॉक्टर, ज्यांनी आहेर देता देता तुम्हाला आ करायला लावलं होतं. दुसरा घड्याळजी, जो शेजारच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसतो आणि भिंग काढल्यावरही माणसाकडे तसाच एका डोळ्याने बघतो. आणि तिसरे ड्रॉइंगमास्तर, शाळेतून निवृत्त, पण अजून कुणाचं घर पाहिलं की त्याचं छप्पर तिरकं आहे असं घरमालकाला सांगून येतात. आमची बैठक डॉक्टरांच्या दवाखान्यात भरली. मला मधल्या खुर्चीत आडवं केलं, वर दिवा लावला, आणि तिघांनी माझ्या तोंडावर वाकून माझी चर्चा केली. डॉक्टर म्हणाले, त्यांनी कुठेसं वाचलंय, की खूप उंच डोंगरावर, विरळ हवेत, प्राणी महिनोन्‌महिने गाढ झोपतात. उंचावर एक खोल घळ आहे, घळीच्या टोकाला कड्यावरून दिसणारा देखावा म्हणे जन्मात एकदा बघावा असा, आणि तिथवर खेचरावरून जाता येतं. ड्रॉइंगमास्तर देखाव्यासाठी तयार झाले, घड्याळजी बायकोच्या माहेरची मंडळी येणार होती म्हणून तयार झाला, आणि माझं मत कुणी विचारलं नाही, कारण माझ्या तोंडात डॉक्टरांचा आरसा होता.

मी एकच अट घातली. गादी माझी. जावईबापू, परक्या गादीवर मी आजवर पाठ टेकलेली नाही. दुसऱ्याच्या गादीवर पडलं की माझा हात आपोआप तिचे टाके मोजायला लागतो आणि मग राग येतो. म्हणून घरची गादी गुंडाळली. ती डबल आहे, हे खरं. यावर घड्याळजी काहीबाही बोलला, एकट्या माणसाला एवढी गादी कशाला वगैरे. पण निम्मी गादी मागे ठेवता येत नाही, आणि आमच्या घरात दुसरी गादी नाही. ही मी लग्न ठरल्यावर स्वतः पिंजून, स्वतः भरून, स्वतः शिवलेली. बसच्या टपावर ती एवढ्या थाटात बसली होती की वाटेतल्या गावांतली माणसं आमच्याकडे न बघता तिच्याकडे बघून हात हलवत होती.

शेवटच्या गावाला बस संपली, झाडं संपली, आणि हवासुद्धा संपत आली. तिथली हवा म्हणजे दुधात पाणी नव्हे, पाण्यात दूध. दोन जिने चढलं की माणूस तिसऱ्याचा विचार करत उभा राहतो. आम्ही उतरलो त्या उतारूंच्या खोलीत एक खिडकी, चार खाटा, एक घासलेटचा स्टोव्ह, आणि भिंतीवर आधीच्या लोकांनी खरडलेली नावं. तिथे पहिल्या रात्री काय झालं म्हणाल, तर काहीच झालं नाही. कुणीच झोपलं नाही! डॉक्टर टक्क जागे, मास्तर टक्क जागे, आणि घड्याळजी तर आपल्याच मनगटावरची टिकटिक मोठ्याने येतेय म्हणून घड्याळ बुटात घालून बसलेला. उंचावर उलट माणसाची झोप उडते, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. सकाळी डॉक्टरांनी हळूच कबूल केलं की तो लेख बहुतेक अस्वलांवर होता.

पण आता आलोच होतो, तेव्हा निघालो. खेचरं आणि त्यांच्या मालकीणबाई, ज्यांना पहिल्या तासातच आम्ही मावशी म्हणू लागलो (त्या आमच्याहून लहान असतील, पण त्यांचा आवाज मोठ्या बहिणीचा होता), अशी आमची वरात घळीत उतरली. आणि इथून पुढे, जावईबापू, मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. रात्री झोप नव्हती, म्हणून स्वप्नं बिचारी दिवसा यायला लागली, चालताना, उघड्या डोळ्यांत. दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे, त्यांना आडवे थर, तपकिरी, विटकरी, करडे, मधेच एक फिकट गुलाबी, रजया रचून ठेवाव्यात तसे. वर आकाशाची चिंचोळी निळी पट्टी. खाली हिरवी नदी, पण तिचा आवाज खालून न येता वरून कुठूनतरी यायचा. पाऊल टाकलं की त्याचा आवाज थोड्या वेळाने यायचा, जणू मागून कुणी आपल्याच बुटात चालत येतंय. ऊन होतं पण ते अंगाला लागत नव्हतं, नुसतं दगडावर पडून राहिलेलं. मी सवयीने सगळं दाबून बघत होतो, वाळू, शेवाळ, एकदा तर मास्तरांचा खांदा. प्रत्येक गोष्ट हाताला येईपर्यंत जरा मऊ वाटायची, हात लावला की टणक.

बाकीच्यांची अवस्था फार वेगळी नव्हती. डॉक्टर कड्याकडे बघत मधेच म्हणायचे, ही खालची दाढ गेली, हिला कॅप बसवायला हवी. मास्तर वैतागले होते, कारण हवा इतकी स्वच्छ की लांबचा डोंगर जवळच्याइतकाच लख्ख दिसतो. असं चित्र मुलांनी काढलं असतं तर त्यांनी खोडायला लावलं असतं. कागद-पेन्सिल घेऊन आलेल्या या माणसाने निषेध म्हणून एक रेघ मारली नाही. घड्याळजीने वेळ बघणं सोडून दिलं होतं. सावली बघून तो म्हणायचा, आता दुपार आहे, आणि थोड्या वेळाने म्हणायचा, अजून तीच आहे. आणि एका वळणावर मला तुमच्या सासूबाई दिसल्या. हसू नका. एका सपाट खडकाशी चादरीचं एक टोक धरून उभ्या, आणि दुसरं टोक माझ्यासाठी पुढे केलेलं. मोठ्या चादरीची घडी एकट्याला घालता येत नाही, हे तुम्हाला अजून कळायचंय. त्या गेल्यापासून आमच्याकडे चादरींच्या घड्या होत नाहीत, गोळे होतात. त्या नेहमीसारख्या जरा त्रासलेल्या दिसत होत्या, धरा की हो लवकर, अशा. मी हात पुढे केला. तेवढ्यात मागून घड्याळजी ओरडला, अरे, हवेत काय चाचपतोयस, खाली दरी आहे! खडकावर काही नव्हतं. मला फार वाईट वाटलं, जावईबापू. डोंगरात हवा विरळ असते म्हणून वाईट वाटतं, असं डॉक्टरांनी समजावलं.

दुसऱ्या दिवशी घळीचा गळा लागायचा होता. गळा म्हणजे जिथे दोन्ही कडे इतके जवळ येतात की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील. तो ओलांडला की वर चढून तो जन्मात एकदाचा देखावा. सकाळी मावशींनी गादीकडे बघून मान वाकडी केली, मग स्वतःशीच हिशेब करून म्हणाल्या, गेल्या साली याच वाटेने एक लाकडी कपाट नेलंय, गादी का नाही जाणार, मऊ तर आहे. मलाही पटलं. गावातला असा एक जिना दाखवा जिथून मी गादी वर नेलेली नाही! पण निघायच्या आधी मी एक गोष्ट केली, जी कुठलाही गादीवाला चांगलं ऊन दिसल्यावर करतोच करतो. मी गादी उलगडून उन्हाला दिली. तसलं कोरडं कडक ऊन आमच्या कापसाने आयुष्यात पाहिलं नव्हतं. पोळीसारखी चपटी झालेली ती गादी बघता बघता फुगली, टाक्यांमधून तट्ट वर आली, थोपटली तर ढोलासारखी वाजली. नवरी दिसत होती अगदी! मी खुशीत तिला पुन्हा गुंडाळली. गुंडाळी पहिल्यापेक्षा दीडपट झाली, हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. मला त्याचा अभिमान वाटला.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. पुढे मावशी, मागे गादीचं खेचर, त्याच्या मागे मी आणि मग हे तिघे. खेचर गळ्यात शिरलं, गादीही शिरली, जराशी पुढे गेली, आणि थांबली. खेचराला काही हे पटलं नाही. त्याने अंग आक्रसलं, दोरातून सुटलं, आणि गादी पाठीवरून मागे टाकून पलीकडे चालतं झालं. गादी जराशी खाली घसरली आणि तिथेच राहिली. दोन कड्यांच्या मधे, जमिनीपासून हातभर वर, अधांतरी! बाटलीला बूच बसावं तशी. पलीकडे मावशी, खेचर आणि आमचं सगळं जेवण. अलीकडे आम्ही चौघे. आणि इतक्यात मागून एक मेंढपाळ आपल्या शेळ्यामेंढ्या घेऊन आला. त्या एकीमागून एक येऊन आमच्या पाठीला नाकं लावून उभ्या राहिल्या. मेंढपाळाने गादीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता दगडावर बसून घेतलं. त्याची अशी ठाम समजूत दिसली की ही आमच्याकडची काहीतरी रीत आहे.

डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. त्यांच्या मते ही साधी अडकलेली अक्कलदाढ होती. आधी डावी-उजवीकडे हलवून सैल करायची, मग कड्याला पाय लावून एका झटक्यात ओढायची. आम्ही हलवली. ती अधिकच रुतली. डॉक्टरांनी तिला, सवयीने, दुखलं तर डावा हात वर करा असं सांगितलं. घड्याळजीने भिंग लावून फट शोधली आणि म्हणाला, केसभरसुद्धा नाही. मास्तरांचं म्हणणं पडलं की दिसतेय छान, राहू दे. पलीकडून मावशी ओरडून काहीतरी सांगत होत्या, पण गादी आवाज पिते, आमची गादी तर फारच पिते; आम्हाला नुसतं घुं घुं ऐकू येत होतं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी समजलो. टाके उसवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आजवर लोकांच्या किती गाद्या उसवल्या असतील, कापूस पिंजून पुन्हा भरल्या असतील. स्वतःचा टाका उसवताना मात्र हात चालेना. ती शिवताना मी दुकानात बसलो होतो, आणि माझी होणारी बायको तिच्या वहिनीबरोबर रस्त्याच्या पलीकडून उगीचच दोनदा गेली होती. दोन्ही वेळा मी बोटात दाभण टोचून घेतलं होतं. असो. खिशातला चाकू काढला आणि कडेची शिवण धरली. एक टाका गेला, दुसरा गेला, आणि मग शिवण आपल्या आपणच उलगडत गेली. उन्हाने फुगलेला कापूस वाटच बघत होता. पलीकडून वारा गादीला रेटत होता, त्याला एवढीशी फट मिळाली आणि त्याने सगळा कापूस आमच्या बाजूला बाहेर घातला. आधी मूठभर, मग ओंजळभर, मग ढगच्या ढग. आणि तो खाली पडेना, जावईबापू! वर जायला लागला. त्या विटकरी थरांच्या पुढून, गुलाबी थरांच्या पुढून, सावकाश, वळत, एकमेकांना हात लावत, वर वर, जिथे उन्हाची पट्टी कड्याला टेकली होती तिथपर्यंत. उन्हात गेला की पेटल्यासारखा उजळायचा. शेळ्या माना वर करून बघत होत्या. डॉक्टरांच्या डोक्यावर, मास्तरांच्या भुवयांवर, सगळीकडे कापूस. मेंढपाळाने टोपी काढली. एवढ्या वर्षांच्या आमच्या रात्री माझ्या डोळ्यांदेखत आकाशात चालल्या होत्या आणि मला वाईट वाटायला हवं होतं. पण इतकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही. खोटं कशाला सांगू, मी रडलो, आणि कापूस नाकात गेला असं सांगितलं.

मग रिकामी खोळ घसरून खाली पडली, गळा मोकळा झाला, आणि वाऱ्याला वाट मिळाली.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी कुठल्याही सासऱ्याने कुठल्याही जावयाला सांगू नये. तुमच्या सासूबाई घोरतात. अधूनमधून नव्हे, रोज, आणि मन लावून. त्याचे भाग असतात. आधी लांब ओढ, खालून वर जाणारी. मग बारीकशी शीळ. मग सगळं एकदम बंद, एवढं की शेजारच्याने काळजीने डोळे उघडावेत. आणि मग सुस्कारा सोडून पुन्हा पहिल्यापासून. या घोरण्यावर मी संसारभर कुरकुर केली. कानात कापूस घातला (घरचाच होता). त्या तुमच्याकडे निघाल्या तेव्हा बसस्टँडवर मी चारचौघांत म्हणालो होतो, चला, आता सुखाने झोपेन! त्या घळीच्या गळ्यातून वारा गेला आणि आधी लांब ओढ आली. मग शीळ. मग सगळं थांबलं. मी सवयीने डावीकडे वळून पाहिलं. आणि मग तो सुस्कारा. घड्याळजीच्या दुकानात एकदा पाणी शिरलं होतं तेव्हा तो आमच्याकडे पलीकडच्या खोलीत मुक्कामाला होता. त्याने एकदा ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, अरे, वहिनी!

मी हो म्हणालो असेन. मला आठवत नाही. शेजारी एक उतरता, ओबडधोबड, टणक दगड होता. मी त्यावर टेकलो.

पुढचं ऐकीव. भर दुपारी मी जो झोपलो तो डाराडूर. शेळ्या माझ्या अंगावरून गेल्या. मावशींनी पलीकडून येऊन कानाशी थाळी वाजवली. डॉक्टरांनी नाडी धरली, घड्याळजीने ठोके जुळवले, दोघांनी मला चालू स्थितीत असल्याचं जाहीर केलं. मग तिघे आळीपाळीने वर जाऊन तो जन्मात एकदाचा देखावा बघून आले, एकेक जण माझ्यापाशी थांबला. मास्तरांनी वर गेल्यावर पुन्हा एक रेघ मारली नाही. खाली येऊन मात्र माझ्याजवळ मांडी घातली आणि माझं चित्र काढलं, उघड्या तोंडाचं. जाग आली तेव्हा दुसरा दिवस उजाडत होता. कडे राखाडी, नदी राखाडी, कुठे कुठे खाचांत कापसाचे पुंजके अडकलेले, आणि पाखरं ते घरट्यांसाठी उचलून नेत होती. मला स्वप्न पडलं नव्हतं. एकही नाही. आत अगदी पुसून घेतलेल्या पाटीसारखं वाटत होतं. मी सवयीने पुन्हा डोळे मिटून डावा हात बाजूला टाकला, तर तो डॉक्टरांच्या तोंडावर पडला. ते म्हणाले, चूळ भरा.

तर असा आमचा प्रवास झाला. देखावा मी पाहिला नाही, त्याची खंत नाही. आता माझी प्रकृती ठणठणीत आहे, झोपेची काही तक्रार राहिलेली नाही, वर्तुळं गेली, दुकान जोरात आहे. तुमच्या सासूबाईंना तसं आवर्जून सांगा. त्यांना हवं तितके दिवस त्यांनी निर्धास्त राहावं, इकडची अजिबात काळजी करू नये. मी एकटा मजेत आहे. चिमीला आणि बाळराजांना गोड पापा. कळावे, आणि कळलं नसेल तर पुन्हा वाचावे.

तुमचा,
गादीवाला सासरा

ता.क. वरच्या परिच्छेदातलं शेवटचं सगळं खोटं आहे. घळीतून परत आल्यापासून मी पुन्हा टक्क जागा आहे. रिकामी खोळ नव्या कापसाने भरायला घेतली आणि अर्धी भरून सोडून दिली. घड्याळजीने माझी दया येऊन टेबलफॅन खोलून त्याच्या पात्यात काहीतरी बसवून दिलं, घोरेल म्हणाला. तो शिंकतो. दगडावर गाढ झोपलो होतो हे मात्र कुणाला सांगू नका, फोमवाला पाटी लावेल.

आणखी एक ता.क. हे पत्र पाकिटात घातलं आणि चिमीचं पत्र आलं. ती लिहिते, बाळराजे हल्ली आजीच्या कुशीतच झोपतात. आजी गाढ झोपली की हेही झोपतात, आजी जागी झाली की टाहो. कुणाला कारण कळत नाही म्हणे. जावईबापू, मला कळलं. तेव्हा तुम्हाला मी जे विचारणार होतो (की सासूबाईंना आता परत पाठवता का), ते विचारत नाही. त्या पोराच्या तोंडची झोप मी काढून घेणार नाही. मी ते भोगलंय. त्याऐवजी विचारतो, तुमच्या त्या मधल्या खोलीत एका माणसाची जागा होईल का? मित्र म्हणतात, दुकान ते बघतील. डॉक्टर गाद्या विकणार आहेत, देव गिऱ्हाइकांचं रक्षण करो.

शेवटचा ता.क. जावईबापू, यापुढचं तुमच्यासाठी नाही, माफ करा, आणि आधीचंही फारसं नव्हतं. तुमच्या घरी टपाल आलं की सगळ्यांत आधी ते कोण फोडतं हे चिमीने मला कधीच कळवलंय.

अगं, वाचलंस ना सगळं? घोरतेस असं जावयाला लिहिलं म्हणून आधी रागावून घे. बसस्टँडवर बोललो ते माझं चुकलं. मला तुझ्याशिवाय करमत नाही आणि झोप तर मुळीच येत नाही. मी येतोय. गादी नको, खाली सतरंजी चालेल. बाळाच्या एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मी. तुझं घोरणं आम्हा दोघांना पुरेल.